तोकडी वाक्यं

“मग माझं स्वतःचं लिहिणं सुरू तरी कधी होणार, बुवा?”

मार्तंडाने विचारलं आणि खांद्यावरची कावड ओसरीशी उतरवली. दोन भरल्या घागरी घेऊन तो नदीपासून टेकडीवरच्या मठापर्यंत गात गात चढला होता.

निरंजनबुवा आख्यानं लिहीत आणि गावोगावचे कीर्तनकार ती सांगत. मार्तंड त्यांच्याकडे आला तेव्हा त्याला धड चार ओळी जुळवता येत नव्हत्या. बुवांनी आपली आख्यानं त्याच्यापुढे ठेवली. “वाच. उतरवून काढ. मग न बघता तसंच लिही,” एवढंच सांगितलं. पठ्ठ्याने ते इतकं मनावर घेतलं, की बुवांचा सगळा थाट त्याच्या बोटांत उतरला.

परवाच्या उत्सवात त्याचं पहिलं आख्यान झालं. लोक रंगून गेले आणि जाताना बुवांच्या पाया पडले. सगळ्यांना वाटलं, ते बुवांनीच लिहिलंय.

तेव्हापासून मार्तंडाला अन्न गोड लागत नव्हतं.

“उद्या घरी जातो म्हणतो,” तो म्हणाला. “लिहिणं बंद.”

“का रे?”

“तुमच्यासारखं लिहितोय तोवर मी कुणीच नाही. आणि तुमचं टाकून द्यावं, तर... अक्षरन् अक्षर तुम्ही दिलंय, बुवा. एवढं कृतघ्न नाही व्हायचं मला.”





“ते आख्यान वाच बघू,” बुवा म्हणाले.

मार्तंड वाचू लागला. “राजा उठला. दाराशी आला. थांबला. मागे वळला...”

“इतकी तोकडी वाक्यं का रे तुझी?”

“तुमच्याकडूनच शिकलो. किती ठाम वाटतात!”

बुवांनी त्याचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. आत घरघर चालली होती. त्या घरघरीसाठीच तर मार्तंड रोज सकाळी अडुळशाचा काढा उकळायचा.

“मला दमा आहे, बाबा,” बुवा म्हणाले. “तुला काय झालंय?”

 मार्तंडाला हसू फुटलं, आणि हसता हसताच त्याने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. रोज काढा करून देणाऱ्याला एवढंही कळू नये!

“म्हणजे आता तुमची नक्कल सोडून देऊ?”

“सोडतोस कशाला?”

कोनाड्यात बुवांच्या गुरूंच्या पादुका होत्या. तिकडे बघून बुवांनी हात जोडले. 

“आमच्या महाराजांची वाक्यं लांबच लांब. मी अजून त्यांचीच नक्कल करतोय... दम लागला, की थांबतो.”