भात्याचा मान

हिवरदरीच्या ओढ्याकाठी, जुन्या चिंचेखालच्या मठीत श्रीचिमणनाथ महाराज राहत असत, त्या काळची ही कथा. महाराजांना गादी नव्हती की छत्रचामर नव्हते. आल्यागेल्याला ताकभाकरी आणि मुखी अखंड नाम, एवढाच त्यांचा संसार. पण त्या मठीच्या उंबऱ्यावर भल्याभल्यांचे माथे टेकत.

एक माथा मात्र टेकत नसे. तो रावजी पांचाळाचा. मठीपासून हाकेच्या अंतरावर त्याचे दुकान होते. विळे-कोयते कोणीही लोहार करतो; रावजी घडवायचा सुतारांची बारीक हत्यारे. रंध्याची पाती, नक्षीकामाच्या पटाश्या. त्यावर त्याचा चंद्रकोरीचा ठसा दिसला की लांबलांबचे सुतार डोळे मिटून हत्यार उचलत. हाताला यश होते, यात शंकाच नाही. पण त्या यशाने मानेत जो ताठा भरला, तो काही केल्या वाकेना.

त्याच्या भात्यावर सटवा नावाचा गडी होता. नाथमहाराजांचा भोळा भक्त. ओठांवर नाम आणि हातात भाता, दोन्ही एका लयीत चालत. पांचाळांच्या घरात जुनी रीत होती. नव्या संचातले पहिले हत्यार भातेवाल्याच्या हातात द्यायचे, त्याने ते कपाळाला लावायचे, मग गिऱ्हाइकाकडे जायचे. आग त्याची, म्हणून पहिला मान त्याचा. रावजीच्या बापाने ती रीत मरेपर्यंत पाळली. रावजीने ती केव्हाच मोडली होती. वर गिऱ्हाइकांसमोर सटवाची थट्टा करायचा, "काय रे सटव्या, उद्या तू आडवा झालास तर तुझे नाथबाबा येणार का भाता ओढायला?"

लोक हसत. सटवाही हसे आणि म्हणे, "त्यांची मर्जी, मालक."

पुढे गावच्या देवीला नवा सागवानी दरवाजा करायचे ठरले. नक्षीला नारोबा सुतार आले. वयाने वृद्ध, बोलायला कमी, कामाला कडक. त्यांनी रावजीकडे पटाश्यांचा संच मागितला. आता पोलादाची गंमत अशी, की तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण तेवढेच ठिसूळही होते. म्हणून पाणी दिल्यावर त्याला पुन्हा मंद आचेवर धरायचे, वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढेपर्यंत. तेव्हा कुठे कडकपणा थोडा उतरतो आणि धार टिकते. हे रावजीला लहानपणापासून ठाऊक. पण त्या दिवशी दुकानात चार प्रतिष्ठित माणसे बसली होती, वाहवा चालली होती. पटाश्या चर्र करीत पाण्यात बुडाल्या, बाहेर निघाल्या आणि बोलण्याच्या भरात आचेवर धरायच्या राहूनच गेल्या. सटवा हळूच म्हणाला, "मालक, अजून..."

"तू मला शिकवणार?" रावजी गुरकावला. आणि हत्यारे तशीच गेली.

व्हायचे तेच झाले. दरवाजावर मोर कोरताना सागाच्या गाठीला पटाशी लागली, धारेचा तुकडा उडाला आणि मोराची मान चिरली. नारोबा ती पटाशी घेऊन दुकानात आले. मागे निम्मे गाव.

"रावजी, ह्याला पाणी कुणी दिलं?"

 खरे काय ते रावजीला पक्के माहीत होते. पण जीभ भलतीकडेच वळली. "ह्या सटव्याला विचारा! नाव घेत डोळे मिटून बसतो, आग कमी झाली तरी शुद्ध नाही. त्यानंच घात केला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! सगळ्यांचे डोळे सटवाकडे वळले. त्याने एकदाच रावजीकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर रावजीला बरे वाटले असते. सटवाने हात जोडले. "चुकलं असंल माझंच," एवढे बोलून त्याने घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला.

"मी नवा संच देतो, फुकट देतो," रावजी म्हणाला. नारोबा मान हलवून गेले. पण रावजीला त्या रात्री अन्न गोड लागले नाही. खोटे बोलून वाचवलेली अब्रू त्याच्या अंगात काट्यासारखी सलू लागली.

सकाळी त्याने भात्यावर एका पुतण्याला बसवले. आग कधी भडके, कधी विझू बघे. पोलाद जळून वाया गेले. दुसरा गडी आणला, तीच तऱ्हा. दुपारी रावजी उठला, सटवाच्या घराकडे निघाला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. पण जायचे कोणत्या तोंडाने? पाय पुढे पडेनात. तो तसाच मागे फिरला.

दुकानात येऊन पाहतो तर भात्यावर सटवा! डोक्यावरून तीच घोंगडी, तीच लय.  'चुकलो' हा एक शब्द रावजीच्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. त्याने मुकाट्याने सांडस हातात घेतली.

काय ती आग! जणू पोलादाच्या मनातले तिला कळत होते. एकेक पटाशी घडत गेली. एवढ्यात एक लाल पटाशी सांडशीतून निसटली, ती थेट रावजीच्या पायावरच पडायची. भात्यावरून एक हात झेपावला आणि उघड्या तळव्याने तिला बाजूला लोटले. मांस जळल्याचा वास सुटला. आणि घाबरलेला रावजी काय म्हणाला? "मध्ये मध्ये कशाला करतोस!"

बोलला मात्र, आणि शरमेने त्याला वर बघवेना. खाली मान घालून त्याने प्रत्येक पटाशी मंद आचेवर धरली, पिवळा रंग येईतो. शेवटची झाल्यावर धीर करून मान वर केली, तर भात्याजवळ कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी नारोबांनी पटाश्या सागाच्या गाठीवरच चालवून पाहिल्या. धार जशीच्या तशी. "हे खरं काम," म्हातारा म्हणाला. पण त्या कौतुकाने रावजीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने पहिली पटाशी उचलली आणि तो सटवाच्या शोधात निघाला. सटवा मठीत आहे असे कळले. नारोबाही त्याच्याबरोबर मठीत आले.

सटवा चटईवर निजला होता, अंगात ताप फणफणलेला. रावजी खाली बसला. "सटवा, हा भात्याचा मान. घे. माझ्यापायी तुझा हात भाजला."

सटवाने दोन्ही तळवे पुढे केले. स्वच्छ! "मालक, मी कवा आलो? दुकान सोडलं तवापासनं हितंच पडून हाय. उठून बसवत न्हाई."

"खरं आहे," मठीतली म्हातारी सेवेकरीण म्हणाली. "त्याच्या कपाळावर पट्ट्या मीच ठेवतेय. आमचे महाराजच तेवढे काल दुपारभर दार लावून आत बसले होते. बाहेर आले ते हात भाजून. कशानं म्हणून विचारलं तर नुसते हसले."

रावजीने वळून पाहिले. महाराज भिंतीशी बसले होते. उजव्या हाताला हळदीचे फडके. त्यांनी ते सोडले. तळव्यावर आडवा, सरळ डाग होता. पटाशीच्या पात्याएवढा रुंद.

"तूच बोलावलं होतंस ना रे, रावजी?" महाराज हसून म्हणाले. "गडी आडवा झाला, म्हणून आम्ही आलो. पण तू मजुरीत शिव्याच देतोस बाबा!"

रावजीला धरणी दुभंगावी असे झाले. तो नारोबांकडे वळला आणि भरल्या मठीत, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने बोलला, "आग कमी नव्हती. पाणी मी दिलं, आचेवर मी धरलं नाही. ह्यानं सांगितलं, तर मी ह्याच्यावर ओरडलो. मग खोटं बोललो. मोराची मान मी चिरली!"

आणि त्याने ती पटाशी महाराजांच्या पोळलेल्या तळव्यावर ठेवली. महाराजांनी ती कपाळाला लावली, सटवाच्या उशाशी ठेवली. रावजी त्यांच्या पायांवर पडू लागला तेव्हा त्यांनी त्याला मध्येच अडवले. "आमचा हात भाजला, तो बरा होईल. ज्याचं मन भाजलं तो तिकडं निजलाय."

तो ताठ मानेचा पांचाळ गुडघ्यांवर सरकत चटईपाशी गेला आणि त्याने आपल्या गड्याच्या तापल्या पायांवर डोके ठेवले. सटवा कळवळून "मालक, उठा, उठा!" म्हणत राहिला. पण रावजी काही लवकर उठला नाही.