राखाडी बॉडी

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. घरी तर मुळीच नाही, असं आप्पांनी बजावलं होतं. आप्पा म्हणजे माझे आजोबा, गणपत जिनगर. कोल्हापुरात फायबरच्या कामात त्यांचं नाव आहे. त्या दुपारी मी त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते, म्हणून थोडं डोळ्यांनी पाहिलं. बाकीचं विराजदादानं नंतर सांगितलं. गोष्ट त्याची आहे, तेव्हा गोष्टीपुरतं त्याला नुसतं विराज म्हणते.

“मग गाडीची बॉडी पत्र्याची का नको?” आप्पांनी विचारलं.

विराज सरनोबत हसला. असले प्रश्न आप्पा नवशिक्यांना विचारत, आणि तो आता नवशिका राहिला नव्हता. आप्पांच्या हाताखाली शिकून तो बाहेर पडला होता. कागलच्या रस्त्याला त्याचं स्वतःचं शेड होतं आणि त्या शेडात त्याची पहिली हॉट रॉड, जुन्या भागांतून हातानं बांधायची गाडी, उभी होती. उभी म्हणजे निम्मीच. जुन्या जीपचं इंजिन, त्यानं स्वतः वेल्डिंग केलेली चासी, मागं दांडगी चाकं, पुढं बारकी. इंजिन उघडंच, तसल्या गाडीचा तोच डौल. वर चढवायला जुन्या घाटाची बॉडी तेवढी हवी होती.

त्यानं धडाधड उत्तर दिलं. पत्रा गंजतो, आपल्याकडच्या पावसात तर कोपऱ्याकोपऱ्यातून खातो. जुन्या गाडीची खरी बॉडी शोधून मिळत नाही, आणि मिळालीच तर तिची चाळण झालेली असते. फायबर हलकं, हव्या त्या वळणाचं, आणि गंजायचं नाव नाही.

“गंजत न्हाई,” आप्पा म्हणाले. “म्हणून तर... त्याचं दुखणं वरनं दिसत न्हाई.”

मध्ये ते थांबले होते, ते विचार करायला नव्हे. जन्मभर फायबरची पूड छातीत गेलेली. एक वाक्य पुरं करायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागे. रेझिनला, फायबर घट्ट करणाऱ्या त्या रसायनाला, पुन्हा हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. कारखान्यात ते नुसती खुर्ची टाकून बसतात, असं घरातले सगळे समजत होते.

दिवस पितृपंधरवड्याचे. या दिवसांत कुणी नवी वस्तू घेत नाही, म्हणून अंगणात चिटपाखरू नव्हतं. रसवंतीच्या छपरावर चढवायचे फायबरचे बैल भिंतीकडं तोंड करून उभे होते. आभाळ दाटलेलं, उजेड मळका. विराज म्हणाला, न्यायला अमावास्या झाल्यावर येतो, आज नुसती निवडतो. त्याला धीर नव्हता, आणि आप्पांना ते कळत होतं.

आप्पांकडं एक रीत होती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यानं पहिली गाडी बांधली, की बॉडी त्यांच्या अंगणातून निवडायची. ती कुणी केली ते विचारायचं नाही. निवडणाऱ्यानं बॉडीवर हात ठेवला, की आप्पा एकच शब्द बोलत. ‘ने’, नाहीतर ‘ठेव’. ज्याला ‘ने’ मिळालं, त्याला या धंद्यात पुन्हा कुणी पारखत बसत नसे. ज्याला ‘ठेव’ मिळालं, तो मान खाली घालून घरी जाई.

विराजला ‘ठेव’ एकदा मिळालेलं होतं. चकाकी बघून त्यानं घाईनं हात ठेवला होता, आणि पुढं कितीतरी दिवस तो या रस्त्यानं फिरकलाच नव्हता. आज ‘ने’ घेतल्याशिवाय तो हलणार नव्हता.

अंगणात तीन बॉड्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या होत्या. एक लाल, एक पांढरी, एक राखाडी.

लाल तर आरसाच. विराजनं गुडघे टेकले, गाल जवळजवळ तिला लावला आणि तिच्या पाठीवरून नजर सोडली. चकाकीत भिंतीची कड दिसत होती. ती सरळ दिसायला हवी होती. पाण्यात हलावी तशी वाकडी दिसली. मग त्यानं दाराच्या चौकटीत हात घातला. आत लोखंडाचा आधार नव्हता.

“ही पुरती वाळायच्या आधी साच्यातनं उपटलीया,” तो म्हणाला. “आणि दार चार वेळा आपटलं की तडा जाणार. नवरी नटलीय झकास, पण मांडवातच चक्कर येऊन पडंल.”

आप्पा गालातल्या गालात हसले.

पांढरी वळणाला बोजड होती. तिच्याकडं बघून कुणी मान वळवली नसती. विराजनं खिशातून रुपया काढला आणि बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसा तो तिला जागोजागी वाजवत फिरला. सगळीकडं एकच आवाज, भरीव. आतून चौकट होती, बिजागरीच्या जागा जाड केलेल्या होत्या. त्यानं मनातल्या मनात तिला बाजूला ठेवलं. अगदीच नाइलाज झाला तर ही.

मग तो राखाडीकडं वळला आणि जरा वेळ नुसता उभा राहिला.

काचेखालून निघालेली रेघ दाराच्या कडेवरून शेपटीपर्यंत गेली होती, आणि कुठंच थांबली नव्हती. कुणीतरी एका दमात ओढावी तशी. शेडातल्या त्या निम्म्या गाडीचं उरलेलं निम्मं आज सापडलं, असं त्याला वाटलं. खाली वाकून त्यानं नजर सोडली. कुठं लाट नाही. चौकट आहे, बिजागऱ्यांना आधार आहे.

त्यानं रुपया वाजवायला सुरुवात केली. ठण. ठण. ठण. पुढच्या कोपऱ्यात आल्यावर आवाज बसला.

भद्द.

पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. आत मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचा थर, बसलेली नव्हती, खाली हवा राहिली होती. अशी जागा आज दिसत नाही. गाडी उन्हात तापली, खड्ड्यात आदळली, की तिथूनच फुटते. दुसऱ्या कोपऱ्यात तेच. मागं, चाकाच्या वर, आणखी एक.

विराजला राग आला. इतकी देखणी वस्तू आणि अशी नासवलेली.

“कुणी केली ते विचारत न्हाई, आप्पा,” तो म्हणाला. “पण सांगतो. हात सोन्याचा होता गड्याचा. एकेकाळी.”

“आणि आता?”

“आता संपलाय.”

“कशावरनं?”

विराज आता रंगात आला. म्हणाला, सपाटीचं काम झक्क केलंय, कारण सपाटीला जोर लागत नाही. कोपऱ्यात मॅट दाबून बसवायला, हवा काढायला बोटात ताकद लागते, आणि रेझिन घट्ट व्हायच्या आत उरकावं लागतं. याला ते झेपलेलं नाही. एकतर चष्मा घरी विसरून आला असेल, नाहीतर सासुरवाडीला जायची घाई असेल.

आप्पा हसले. हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबेना. विराजनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी हातानंच बाजूला सारला.

“त्याला काय... सांगशील?”

“बास कर म्हणावं. रसवंतीचे बैल कर निवांत. माणसं बसायची गाडी करू नको.”



बाहेर रस्त्यावरून उसाची रिकामी ट्रॉली खडखडत गेली, आणि तिचा आवाज विरेपर्यंत आप्पा रस्त्याकडं बघत राहिले.

“आतनं बघितलीस?” शेवटी त्यांनी विचारलं.

विराजनं बॉडी एका कुशीवर कलती केली. फायबरचं असं असतं, की बाहेरची चकाकी साच्याची असते. करणाऱ्याचा हात दिसतो तो आत, खडबडीत बाजूला. तो वाकून कोपरा न्याहाळू लागला. जिथं रोलर जात नाही तिथं मॅट अंगठ्यानं दाबतात, आणि रेझिन वाळलं की त्या दाबाचे खळगे तसेच राहतात. इथं खळगे होते. आखूड होते, रुंद होते, आणि आधीच्यापेक्षा पुढचा उथळ होत गेला होता.

“अंगठ्याची ठेवण बघा की याची...” विराज बोलता बोलता थांबला.

आप्पा खुर्चीतून उठले होते. भिंतीला धरत, एकेका बैलाच्या पाठीवर हात ठेवत ते आले. खाली वाकायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी उजवा अंगठा त्या खळग्यात ठेवला.

तो बरोबर बसला.

आप्पांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर तरुणपणीच कटरनं नेलेलं. कोल्हापुरात फायबरचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

...

“बैल बी,” आप्पा म्हणाले, “आता जड जात्यात.”

विराजला तोंड वर करवेना. आपण काय काय बोललो ते त्याला एकेक आठवत होतं, आणि त्यात एकही शब्द खोटा नव्हता, हेच त्याला सोसवत नव्हतं. तो उठला. पाच बोटं पसरून त्यानं तळवा राखाडी बॉडीवर ठेवला.

“आप्पा, मी हीच नेतो.”

आप्पांनी त्याच्या हाताकडं पाहिलं.

“मघाशी वाजवलीस... ती हीच न्हवं?”

विराज घाईनं बोलू लागला. पोकळ जागा आतून घासून काढतो, नवी मॅट भरतो, कुणाला पत्ता लागायचा नाही. वळण तर असं पुन्हा जन्मात मिळणार नाही. आणि तुमच्या हातची बॉडी माझ्या पहिल्या गाडीवर असावी, यापेक्षा मोठं काय असतं. 

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

“दुसऱ्या कुणाची असती तर?”

विराजनं बॉडीवरचा हात आणखी दाबून धरला.

“बोल की, लेका.”

“...न्हाई नेली असती.”

“मग ठेव.”

हे त्याच्या वाट्याचं दुसरं ‘ठेव’. पण हात काही त्याच्यानं उचलवेना. आप्पाच पुढं झाले. त्यांनी त्याचं मनगट धरलं, लहान मुलाचं धरावं तसं, आणि हात बॉडीवरून काढून खाली सोडला. मग ते मागं सरून भिंतीला टेकले आणि वाट बघत राहिले.

विराज पांढरीपाशी गेला. तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. पाठमोरा उभा राहून त्यानं तिच्यावर हात ठेवला.

“ने,” आप्पा म्हणाले.

ज्या शब्दासाठी तो आला होता तो असा मिळाला. त्याला मागं वळून बघण्याचा धीर होईना. वळला तो थेट आप्पांच्या पायांकडं वाकला, पण त्यांनी पाय मागं घेतले. वाकायचंच असेल तर काम पडलंय, म्हणाले, आणि खिशातून खडू काढून त्याच्या हातात दिला. जिथं जिथं पोकळ वाजलं, तिथं तिथं फुली मार.

विराज पुन्हा राखाडीभोवती फिरला. रुपया वाजवायचा, थांबायचा, फुली मारायचा. मघाशी त्याला तीनच जागा सापडल्या होत्या. आता जास्त निघाल्या. एका ठिकाणी आवाज बसल्यावरही तो तसाच पुढं सरकला, फुली न मारता.

“ती ऱ्हायली,” मागून आप्पा म्हणाले.

त्यानं परत येऊन फुली मारली.

सगळं झाल्यावर आप्पांनी हनुवटीनं भिंतीवरच्या कटरकडं खूण केली. विराजनं तो काढून आणला खरा, पण हातात धरून नुसता उभा राहिला.

“कापायची कशाला, आप्पा? ऱ्हाऊ दे की अंगणात. तुमची...”

“ऱ्हायली तर कुणीतरी निवडंल.”

 आप्पांनी खुर्ची ओढत राखाडी बॉडीच्या अगदी जवळ आणली, खांद्यावरचा पंचा काढून विराजच्या नाकातोंडाभोवती स्वतःच्या हातानं बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली, आणि खाली बसले. कोपऱ्यातल्या पहिल्या फुलीवर त्यांनी तो आखूड अंगठा टेकवला.

“हितनं काप,” ते म्हणाले. “मी कुठं दमलो... ते मला बी बघू दे.”