मुनीमाचा हात

"क्षमा करायची, पण अजून किती दिवस?" फुलेश्वरीनं विचारलं.

सुनेत्राला प्रश्न रुचला नाही. वैनगंगेकाठच्या त्या मठात तिची आठ वर्षं गेली होती. आपल्याइतकं शांत मन इथं कुणाचं नाही, असं तिला वाटे.

फुलेश्वरी छत्तीसगडहून वीटभट्टीवर कामाला आलेली. भट्टीचा मुनीम येता-जाता बायांचे हात धरी, पदर ओढी. परमुलखात दाद मागायची कुणाकडे? म्हणून ती मठात आली होती.

"राग गिळावा, बाई. आपण शांत राहिलो की समोरचा थकतो."

"तो नाही थकत."

ओसरीवर कौसामाय तूर पाखडत बसली होती. मठाची गुरू, ऐंशी ओलांडलेली. तिनं सूप खाली ठेवलं, उठली आणि सुनेत्राचं मनगट धरलं.

"हं. सांग पुढं."

सुनेत्रा सांगू लागली. संयम... सहनशीलता... शब्द अडखळले. मनगट काही सुटेना.

"माय, हात..."

मायनं ऐकलंच नाही.

"माय, सोडा ना."

पकड आणखी आवळली.

"सोडा म्हणते ना!"

विहिरीवर पाणी भरणारी माणसं वळून बघू लागली. मायनं हात सोडला आणि बोळकं उघडून हसली.

"आठ वर्षांत आज पहिल्यांदा मनातलं बोललीस. जा हिच्यासोबत."

"तिथं जाऊन काय शिकवू?"

"शिकवू नकोस. शेजारी उभी राहा."

दुसऱ्या दिवशी भट्टीवर मुनीमानं नेहमीसारखा फुलेश्वरीचा हात धरला. तिनं बाजूला पाहिलं. सुनेत्रा होती.

"हात सोड," फुलेश्वरी म्हणाली. मोठ्यानं.

एकेका बाईनं डोक्यावरच्या विटा उतरवल्या. सगळ्या येऊन मुनीमाभोवती उभ्या राहिल्या.

"हात सोड."

त्या आवाजांत सुनेत्राचाही आवाज होता.

मालक आला. आधी बायांनाच दटावून पाहिलं त्यानं. पण एकही बाई विटेला हात लावीना. मग सगळ्या मिळून ठाण्यात निघाल्या तक्रार द्यायला, आणि वाटेत फुलेश्वरीला हसू आवरेना. दिवस मावळायच्या आत मुनीमाची भट्टीवरून उचलबांगडी झाली.

संध्याकाळी मठाच्या अंगणात बाया जमल्या. कुणीतरी ढोलक आणलं. गाणी सुरू झाली, मग नाच. धूळ उडाली, पातेलं भरून चहा उकळला. ध्यानाची वेळ टळून गेली.

सुनेत्राचा पाय मघापासून ठेका धरत होता. तरी ती मायजवळ गेली. सवय जात नाही.

"माय, मठाची शांती भंगते आहे. यांना थांबवू का?"

"थांबव. पण आधी ढोलकाशेजारी झोळी बांधली आहे, तिच्यात बघून ये."

सुनेत्रा गेली. झोळीत डोकावली. जरा वेळानं परत आली.

"बाळ आहे. गाढ झोपलंय..."

मायनं तूर पुढं ओढली.

"मग भंगली कुणाची?"