चुन्याच्या रेघा

ऐका बरं का, लहानथोर सगळ्यांनी. फार फार वर्षांपूर्वी एका टेकडीच्या पायथ्याशी एक कुंभारीण राहत होती. हात मडक्यावर आणि लक्ष दुसऱ्याच्या दारात, असा तिचा स्वभाव. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची चूल उशिरा पेटली, सगळं तिला ठाऊक. पण अडीनडीला धावून जाणारीही तीच.

त्या टेकडीच्या उतारावर राजाने विणकरांची नवी पेठ वसवली. चाळीस घरं, आणि ताण्याच्या धाग्यासारख्या वरून खाली सरळ उतरणाऱ्या फरसबंदी गल्ल्या. राजाचा कारभारी मोठा हुशार. भर वैशाखात दोरी धरून त्याने सगळी आखणी केली होती.

पेठ बांधून झाली, त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कुंभारणीच्या अंगणात लोंढा शिरला. वाळत घातलेली कच्ची मडकी विरघळून पुन्हा चिखल झाली. पूर्वी टेकडीवरचं पाणी गवतात मुरत मुरत यायचं. आता ते फरशीवरून धावत येऊ लागलं.

ती पदर खोचून वर गेली आणि घरोघर जाब विचारत फिरली. जो तो म्हणे, माझ्या पागोळ्यांचं पाणी ते केवढं, ओंजळभर. एका विणकराने तर टोमणाच मारला, "मावशी, आम्ही कापड विणतो. पाऊस विणणारा वर बसलाय. त्याच्याशी भांडा."

बाईला हसू आलं. पण घरी परतल्यावर तिला काळजी लागली. कारण शेजारच्या उतारावर राजा रंगाऱ्यांची दुसरी पेठ वसवणार होता. तिचंही पाणी असंच खाली आलं, तर भट्टी मोडून गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

भाद्रपदात चार दिवस उघडीप मिळाली. दसऱ्याला पाया खणायचा म्हणून कारभाऱ्याने लगेच आखणी उरकली. उतारभर चुन्याच्या सरळ पांढऱ्या रेघा उमटल्या.

पाचव्या दिवशी सकाळी जोराची सर आली. कुंभारीण डोक्यावर इरलं घेऊन उतारावर काय चाललंय ते बघायला गेली आणि जागीच थबकली. मग तशीच जाऊन कारभाऱ्याच्या दारात उभी राहिली. तो न्याहारीला बसला होता. हात धुवा आणि चला, म्हणाली. कारभारी चिडला, कुरकुरला, पण बाई काही दारातून हलेना. शेवटी निघाला.

उतारावर त्याच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. पाण्याने चुना आपल्याबरोबर ओढून नेला होता. पांढरे ओघळ वळणं घेत, एकमेकांना मिळत मधल्या खोलगट जागेत उतरत होते. तिथे दुधासारखं तळं साचलं होतं. नेमक्या त्याच जागी कारभाऱ्याने आठ मोठी घरं आखली होती.

"कारभारी," ती म्हणाली, "तुम्ही मापं उन्हात घेतलीत. पाण्याने आपली आखणी पावसात केली. कोणाची टिकली ते बघा."

कारभाऱ्याने खाली वाकून पुसलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "माझी नाही टिकली, मावशी. आता ही सगळी वाट मला पायांनी चालून दाखवा."

दुपारपर्यंत दोघांनी एकेक ओघळ धरून खुंट्या ठोकल्या. ती आठ घरं वर सरकवली. खोलगट जागा गवताला आणि तळ्याला सोडली. गल्ल्या उताराला आडव्या नेल्या. प्रत्येक अंगणात दगडगोट्यांनी भरलेला एक खड्डा आला, पाणी मुरायला. अंगण हातभर कमी झालं म्हणून रंगाऱ्यांनी नाकं मुरडली. विणकरांनाही मग आपल्या फरशीचा थोडा पट्टा उखडून गवत लावावं लागलं.

पुढच्या वर्षी पाऊस धो धो कोसळला. कुंभारणीच्या अंगणात मात्र साधा ओहोळही आला नाही. मडकी वाळली, भट्टी पेटली, आणि गाव सोडायची गोष्ट ती विसरूनही गेली. चैत्रात आसपासच्या विहिरी तळाला गेल्या, तेव्हा रंगाऱ्यांच्या कढया त्या तळ्याच्या पाण्यावर चालू होत्या. हातभर अंगण गेल्याचं मग कोणी बोललं नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्या छपराचं पाणी कुठे जाईल, हे आधी पाहावं आणि मगच घर बांधावं.