पहिल्या रडण्याचे रांजण

एका राज्यात बारा वर्षे एकही मूल रडले नव्हते. ऐकायला बरे वाटते, नाही? ज्यांच्या घरी तान्हे आहे त्या म्हणतील, असले राज्य आमच्या वाट्याला का नाही आले. जरा दमाने घ्या. ती मुले रडत नव्हती, तशी हसतही नव्हती आणि बोलतही नव्हती. डोळ्यांतून पाणी गळायचे, ओठ हलायचे, पण आवाज म्हणून फुटायचा नाही. बारा वर्षांच्या आतले एकूण एक मूल मुके.

हे असे का झाले, ते सांगते. तिथल्या राजाचे नाव धवलसेन. त्याला रेवती नावाची एक धाकटी बहीण होती, जीव की प्राण. ती पहिल्याच बाळंतपणात गेली. राजा नदीपारच्या बाळंतघराच्या दाराबाहेर उभा होता. तिचे ओरडणे त्याने ऐकले आणि मग ओरडणे थांबले, तेही ऐकले. सुईण बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. "महाराज, रक्त थांबले नाही. माझ्याने राखवली नाही," एवढेच ती बोलली. राजाने तिला नदीच्या अलीकडे पाऊल टाकायला कायमची बंदी केली आणि भर चौकात सांगितले, की जो कोणी बायकांच्या कळा थांबवील त्याने यावे, मागेल ते देईन. दुःखात माणसाने असे तोंड मोकळे सोडू नये, ऐकणारे टपलेलेच असतात.

तिसऱ्या दिवशी शंखपाल आला. मोठा जादूगार, अंगावर शुभ्र वस्त्रे, हातात सोन्याचा विळा.

"राजा, यापुढे तुझ्या राज्यात एकही बाई कळांनी विव्हळणार नाही," तो म्हणाला. "मोबदल्यात मला अशी वस्तू दे, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही."

"दिली," राजा म्हणाला. कोणती ते विचारलेसुद्धा नाही. शहाणाच की नाही.

तेव्हापासून दिवस भरलेल्या बायका शंखपालाच्या महालात जाऊ लागल्या. पहिली कळ आली की 'सोडव' म्हणायचे. लगेच डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा मूल कुशीत असायचे आणि शंखपाल विळ्याने नाळ कापून, ती घेऊन निघून गेलेला असायचा. एकही बाई दगावली नाही, हे खरे आहे, खोटे कशाला सांगू? म्हणून तर मुलांच्या मुकेपणाबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हते.

राजाची राणी कुमुद्वती. तिची मुलगी बकुळा सात वर्षांची, तीही तशीच मुकी. एकदा ही पोर बागेतल्या हौदात पडली. राणी दहा पावलांवर फुले खुडत बसली होती, आणि तिला काही म्हणता काही ऐकू आले नाही. आंब्यावरच्या साळुंकीने आकांत केला म्हणून पोर वाचली. त्या दिवसापासून राणीची झोप उडाली. पोर डोळ्यांआड झाली की ती अनवाणी तिला शोधत सुटायची.

आता राणीला पुन्हा नववा महिना लागला होता. एके सकाळी साळुंकी तिला म्हणाली, "राणी, शंखपालाच्या तळघरात रांजण आहेत. एकेका रांजणात एकेका मुलाचे पहिले रडणे कोंडले आहे. ते पिऊन तो तरुण राहतो. बकुळेचे मी रांजणाला कान लावून ऐकले आहे."

"ते रांजण फोडता येतील?"

"हत्तीनेही फुटायचे नाहीत. एक मूल त्याच्या विळ्याशिवाय जन्मून रडले, की आपोआप फुटतील. नदीपार हौसाई सुईण अजून जिवंत आहे."

"म्हणजे वन्सं जिच्या हातात गेल्या, तीच?"

"तीच," साळुंकी म्हणाली, "आणि दुसरी कोणी उरलेली नाही."

राणी होती तिथेच बसली. खरे सांगते, ती काही वीरबाई नव्हती. सुई टोचली तरी डोळे मिटून घेणारी बाई. पण तिने बकुळेकडे पाहिले आणि उठून राजाकडे गेली.

हौसाईकडे बाळंत होणार, हे तिने सांगताच राजा आसनावरून उठला. "मी परवानगी देणार नाही," तो म्हणाला.

"मी मागायला आले नाही, महाराज. सांगायला आले आहे. सोबत यायचे तर या."

राजाने खिडकीतून नदीपार पाहिले. मग त्याने पायांत वहाणा सरकवल्या आणि बकुळेचा हात धरला.

हौसाईचे बाळंतघर म्हणजे शेणाने सारवलेली एकच खोली. आढ्याला एक जाड दोर टांगलेला, कोपऱ्यात चूल. बारा वर्षे तिथे कोणी आले नव्हते, तरी म्हातारी रोज सारवत होती. राजाला पाहून ती उठली नाही. राणीला तिने बसवले, पोटावर तळवे ठेवले, कान लावला आणि म्हणाली, "डोके खाली आहे. तीन-चार दिवस आहेत."

राणीने विचारले, "हौसाई, मी वाचेन ना?"

"वचन देणार नाही. माझ्या हातांनी तीनशेवर बायका सोडवल्या. त्यातल्या दोघी गेल्या. एक तुझी नणंद. त्या दोघींची तोंडे मला रोज दिसतात. एवढे ऐकूनही राहायचे असेल तर राहा."

राणी राहिली. मग म्हातारीने तीन अटी घातल्या. अशा कामांना अटी तीनच असतात, मला विचारू नका का. पहिली, रोज नदीवर चालत जाऊन आपला हंडा आपण आणायचा. दुसरी, रोज पायली जोंधळा जात्यावर दळायचा. राणीला वाटले, पाणी मंतरलेले असेल आणि पिठाचा काही उतारा असेल. म्हातारीने पाण्यात भात शिजवला आणि पिठाच्या भाकरी थापल्या. "अंग हलते राहिले की वाट मोकळी होते, दुसरे काही नाही त्यात," ती म्हणाली. राजानेही दोन भाकरी मुकाट्याने खाल्ल्या.

तिसरी अट तिने चुलीपाशी बसून, हळू आवाजात सांगितली. "त्याच्या नावाने 'सोडव' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. कळा देणाऱ्या बाईने बोलावल्याशिवाय त्याला हा उंबरा ओलांडता येत नाही. पण उंबऱ्यापर्यंत तो येईल. येणारच."

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता राणीला कळा सुरू झाल्या. हौसाईने राजाला बाहेर काढले. बकुळा मात्र आईचा पदर सोडीना, तेव्हा तिला पेजेचे भांडे धरून भिंतीशी बसवले.

आधी कळा सोसवत होत्या. राणी खोलीत फेऱ्या मारायची, कळ आली की दोराला धरून लोंबायची, म्हातारी कमरेला कोमट तेल चोळायची. "खाली सोड. आवळून धरू नकोस. तोंड मिटू नकोस, आवाज येतो तो येऊ दे," एवढेच ती सांगायची. सूर्य कासराभर वर आला आणि कळांचा नूर पालटला. मध्ये उसंतच राहीना. राणीचे गुडघे लटपटू लागले, ओकारी झाली, थंडी भरली. आपण आता फाटणार, असे तिला वाटले.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेर तिची आई उभी राहिली. हातात ओटीचे ताट, डोळ्यांत पाणी. "बाळ, किती गं हाल करून घेतेस. एक शब्द म्हण आणि झोप. मी आहे ना."

माहेर आठ दिवसांच्या वाटेवर होते, हे राणीला ठाऊक होते. पण कळांत बाईला आईच हवी असते, हो. तिचे ओठ उघडले. हौसाईने तिचे तोंड दाबले नाही. "तोंड तुझे आहे," ती म्हणाली, "पण तिच्या पायांकडे बघ." राणीने पाहिले. ऊन लख्ख पडले होते आणि आईला सावली नव्हती. राणीने मान फिरवली. मग दारात कोणी नव्हते.

दुसरी खेप भर दुपारी आली. या वेळी उंबऱ्यावर एक तरुण बाई बसली होती. राणीने तिला कधी पाहिले नव्हते, पण नाक हुबेहूब राजासारखे होते. तिच्या लुगड्यातून रक्त ठिबकत होते आणि ते उंबऱ्याखालून आत येत होते.

"वहिनी, मी इथेच होते," रेवती म्हणाली. "हाच दोर धरला होता. हीच म्हातारी मला म्हणत होती, खाली सोड, खाली सोड. मी सोडत गेले. तुझेही आता तसेच चालले आहे. बघ, सुरू झाले आहे."

राणीने खाली पाहिले तर तिच्या पायांवर रक्त होते. ते खरे होते. ती भीतीने गारठली. कळ आली ती वरच्या वरच अडकली, छातीत श्वास मावेना.  म्हातारी दाराकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते.

"हौसाई, हे रक्त?"

म्हातारीने डोळे पुसले, वाकली, नीट पाहिले. "एवढे येते. तिचे असे नव्हते, तिचे थांबत नव्हते. हे थांबले आहे." मग उंबऱ्याकडे वळून ती म्हणाली, "बये, तू असशील तर मला क्षमा कर. नसशील तर वाटेला लाग, मला काम आहे."

बाई विरून गेली, पण राणीची भीती जाईना. "मला भीती वाटते," ती म्हणू लागली. "मी मरेन. मला नको हे. मला घरी जायचे आहे." हौसाईने तिला उकिडवे बसवले, मागून काखांत हात घालून धरले. "वाटू दे भीती. भ्यायलेल्या बायकाही बाळंत होतात, मी दुसऱ्या पाहिल्याच नाहीत." बकुळेने आईचा हात धरला. राणीने तो इतका आवळला, की पोरीच्या बोटांवर वळ उठले. पोरीने हात सोडवून घेतला नाही.

मग अंगानेच जोर धरला. राणीने काही करायचे उरले नाही, ती फक्त ओरडत राहिली. तो आवाज नदीपल्याडच्या गुराख्यांनी ऐकला. तीन कळांत डोके आले, चौथीला खांदे, आणि मूल हौसाईच्या हातांत घसरले. मुलगी होती.

आणि ती रडली नाही.

अंगाने निळीसावळी, हातपाय लोंबते. हौसाईने बोटाने तोंड साफ केले, गरम फडक्याने पाठ चोळली. काही नाही.

आता शंखपाल स्वतःच्या रूपात दारात आला, सोन्याचा विळा घेऊन. तो राणीशी बोललाच नाही. तो राजाशी बोलला. "राजा, नाळ मुलीचा जीव ओढून घेते आहे. म्हातारी कापत नाही, बघ. मला आत जाता येत नाही, पण तुला येते. हा विळा घे. लवकर. बहीण घालवलीस, आता मुलगी घालवणार का?"

राजाला कोण अडवणार होते? बारा वर्षे तो त्या दाराबाहेरच उभा होता म्हणा ना. त्याने विळा हिसकावला आणि आत झेपावला. उंबऱ्यात बकुळा येऊन उभी राहिली होती, दोन्ही हात चौकटीला लावून. ती ओठ हलवत होती. काय म्हणत होती ते कोणालाच ऐकू येत नव्हते.

"बकुळे, बाजूला हो," राजा म्हणाला. ती हलली नाही.

आतून हौसाई म्हणाली, "महाराज, नाळेत ठोका आहे. माझ्या बोटांना लागतो आहे. मूल आधी येते, त्याचा श्वास आणि आवाज मागून येतात, याच वाटेने. ठोका आहे तोवर मी कापत नसते. तो कापतो, आणि मागे राहिलेले घेऊन जातो."

"आणि ती मेली तर?"

"तर तेही माझ्या हातात होईल. पण ठोका आहे."

राजाने राणीकडे पाहिले. ती घामाने निथळत होती, दात वाजत होते. "महाराज, मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "थांबा."

थांबणे किती कठीण असते, ते ज्याने तसे थांबून पाहिले आहे त्यालाच ठाऊक.  हौसाईची दोन बोटे नाळेवर, दुसरा हात पाठ चोळत. "आहे," ती म्हणाली. मग पुन्हा, "आहे." शंखपाल दाराबाहेर ओरडत होता, काप, काप. राजाने विळा मुठीत धरला होता. त्याने समोर उभ्या मुलीच्या हलत्या, मुक्या ओठांकडे पाहिले, आणि बारा वर्षांपूर्वी आपण काय देऊन बसलो ते त्याला तेव्हा कळले. त्याने विळा अंगणात भिरकावला.

"आहे," हौसाई म्हणाली.

मुलीची छाती एकदा खळगली, पुन्हा फुगली, अंगावर लाली पसरली आणि तिने टाहो फोडला. असा, की वळचणीची पाखरे उडाली.

राजधानीत रांजण फुटल्याचा आवाज झाला. एक, मग दहा, मग मोजदाद राहिली नाही. शंखपालाचे केस पिकले, पाठ वाकली, आणि बघता बघता अंगणात नुसती पांढरी वस्त्रे उरली.

बकुळेने गळ्याला हात लावला. तिचे तोंड उघडले आणि आवाज आला. सात वर्षांच्या मुलीचा नव्हे, बोलणेही नव्हे. ट्यांहां, ट्यांहां. तान्ह्या बाळाचे पहिले रडणे, जसे चोरले होते तसेच. पोर घाबरली. आपल्याच तोंडातून काय येते आहे ते तिला कळेना, थांबवता येईना. नदीपल्याडून, गावागावांतून तसेच आवाज येत होते. सहा वर्षांची, नऊ वर्षांची, अकरा वर्षांची मुले अंगणांत, शेतांत उभी राहून तान्ह्यासारखी रडत होती आणि त्यांच्या आया हातातले टाकून धावत होत्या.

राणीने एका हाताने धाकटीला छातीशी धरले होते. तिने दुसरा हात पसरला. "ये," ती म्हणाली, "ये गं माझी सोनुली, आत्ताच झालीस तू." बकुळा एवढे लांब पाय पोटाशी घेऊन आईच्या कुशीत शिरली. राणीने तिचे कपाळ हुंगले, बोटे मोजली. सात वर्षांपूर्वी झोपेत राहून गेले होते ते सगळे केले.

वार पडली, रक्त थांबले, नाळेचा ठोकाही आपसूक थांबला. तेव्हा हौसाईने ती कापली. मग भिंतीला टेकून बसली आणि रडली, रेवतीसाठी. राजा तिच्या शेजारी जमिनीवर बसला. त्याने तिचे हात धुतले. "हौसाई," तो म्हणाला, "माझे चुकले." ती म्हणाली, "पाणी गरम कर, बाळंतिणीला शेक द्यायचा आहे." राजा उठला आणि चूल फुंकू लागला.

त्या राज्यात पुढे वेशीवेशीवर बाळंतघरे झाली. बायका तिथे घाबरतच जातात आणि घाबरतच बाळंत होतात. मुले मात्र इतकी रडतात, की लोकांना दुपारची झोप म्हणून मिळत नाही. राणी सुटली, बाळ सुटले, आता मलाही सोडा, माझी भाकरी तव्यावर आहे.