झोक्यांना बंदी

कोणत्या राजाच्या काळी ते विचारू नका; फार जुनी गोष्ट आहे. एका डोंगरी राज्यात उभ्या कड्यावर किल्ला बांधला जात होता. पाथरवट दोराला लटकून कडा तासत, आणि ते दोर पायथ्याच्या आळीतल्या बाया अंबाडीच्या वाखापासून वळत.

त्या आळीची एक रीत होती. दोर वळून झाला की वळणारीने तो वडाच्या फांदीला बांधायचा आणि स्वतः त्यावर बसून चांगले पाच-सहा झोके घ्यायचे. पीळ कच्चा राहिला असेल तिथे दोर करकरे. मग तो उकलून पुन्हा वळायचा. भिवरा तर झोका घेतल्याशिवाय दोर हातावेगळाच करत नसे. तिचा नवरा त्याच कड्यावर लटकत होता ना!

किल्ल्याला उशीर होतोय म्हणून राजाने एक मोजणीदार नेमला. गृहस्थ मोठा हुशार. घटिकापात्र मांडून तो आळीत तीन दिवस बसला. कोण किती वेळा वाकते, कोण घाम पुसायला थांबते, सगळे त्याने टिपले. जन्मात हाताला वाख लागला नाही, आणि निघाला दोर वळायला शिकवायला! वाख उठून आणण्यापेक्षा हाताशी ठेवा म्हणाला, ते बायांनाही पटले. तेवढ्यावर थांबला असता तर बरे झाले असते.

“आणि हे झोके कसले? चांगल्या थोराड बाया तुम्ही, भर कामात खेळता? बंद करा!”

“खेळ न्हाई त्यो, मोजणीदार,” भिवरा म्हणाली. “दोर जोखतो आम्ही.”

“तीन दिवसांत किती कच्चे निघाले?”

“साठांत एक.”

“एकासाठी साठ वेळा झोके!” तो हसला.

भिवराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “त्या एकावर जो लटकंल, त्याला इचारा की!”

त्याने कुणालाच विचारले नाही. वडाची फांदी तेवढी तोडून टाकली.

महिन्यात दोर दुप्पट झाले. राजाने खूश होऊन मोजणीदाराला शाल पांघरली. दुसऱ्या महिन्यात एक दोर तुटला. तो कुणी वळला होता कोण जाणे, सगळे एकाच ढिगातून जात. त्या दोरावर भिवराचा नवरा होता. खालच्या कपारीवर आदळला म्हणून जीव वाचला, पण कंबरेखालचे अंग गेले ते गेलेच.

राजा पाहायला कड्यावर आला. मोजणीदार शांतपणे म्हणाला, “महाराज, इतक्या शेकड्यांत एकच तुटला. काम चोख आहे.”

भिवराने तिथल्या दोरांचा ढीगच ओढत आणून कड्याच्या टोकाशी टाकला.

“महाराज, ह्यांतला कुठलाबी एक ह्यांनी उचलावा आन् कडा उतरून दावावा. एकच तर कच्चा असतो!”

राजाने होकारार्थी मान हलवली. मोजणीदाराने एक दोर उचलला, खाली टाकला. दुसरा ओढून पाहिला, तिसरा बोटांनी चाचपला. कपाळावर घाम आला. शेवटी बारीक आवाजात त्याने विचारले, “यांतल्या एखाद्यावर... कुणी बसून पाहिलंय का?”

भिवराने खाली, फांदी तोडलेल्या वडाकडे बोट दाखवले.

राजाने शाल काढून घेतली आणि त्याला राज्याबाहेर घालवले. आळीत पुन्हा दोर जोखले जाऊ लागले. किल्ल्याला वर्षभर जास्त लागले. लागू द्या! पण एवढे कळायला राजाला एका माणसाचे पाय जावे लागले, याचा मला आजही संताप येतो. भिवराचा नवरा खाटेवरून पुन्हा उठला नाही.

बोध एवढाच: कामातला कोणता वेळ फुकट जातो हे ठरवण्याआधी, त्या कामावर कुणाचा जीव टांगला आहे ते विचारावे.