हाराची मोटारसायकल

लोखंडाला वाचा होती तेव्हाची गोष्ट. बाळोजी शेलारांच्या पडवीत एक जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षं बंद उभी होती. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागे, झेंडूचा हार पडे आणि मग वर्षभर तिच्याकडे कुणी फिरकत नसे.

एकदा बाळोजींची लेक सगुणा पाना घेऊन तिच्यापुढे बसली. गंजलेला नट काही केल्या हलेना.

"कशाला एवढा आटापिटा करतोस?" मोटारसायकल पान्याला म्हणाली. "माझी पूजा होते. आणखी काय हवं?"

"पूजा माझीही होते," पाना म्हणाला, "पण त्यानंतर मला कामाला जुंपतात."

सगुणा नटावर तेल सोडी, पाना पुन्हा जोर लावी. तो घसरला, त्याचं तोंड झिजलं, पण हटला नाही. अखेर नट कुरकुरत फिरला. मग इंजिन उघडलं, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला. किक मारून मारून सगुणाच्या पोटऱ्या भरून आल्या, तेव्हा कुठे गाडीनं खाकरून घसा मोकळा केला.

पुढच्या खंडेनवमीला बाळोजी हार घेऊन पडवीत आले. तिथे तेलाचा डाग होता आणि शेजारी झिजलेला पाना.

"गाडी कुठाय?"

"सगुणाला घेऊन घाट चढतेय," पाना म्हणाला. "हार ठेवा. आली की घाला."